कन्ना आणि त्याचे वेगवेगळे एक्सट्रॅक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी केपटाऊनला राहते, त्यामुळे इथली आणि तिकडची पुण्या-मुंबईची मराठी मंडळी मला कन्नाबद्दल, म्हणजे मूड हलका करायला चघळतात त्या इथल्या वनस्पतीबद्दल, सारखं विचारत असतात, कुणी सुट्टीला येऊन पावडरची पुडी बघितलेली असते, कुणी ऑनलाइन जाहिरात वाचलेली असते. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही आणि मी काही विकत नाही. फक्त बरीच वर्षं ही वनस्पती आणि तिच्यापासून बनवलेले वेगवेगळे प्रकार आणि अर्क (एक्सट्रॅक्ट) थोडे थोडे घेऊन बघितलेत आणि त्यावर मिळेल ते वाचलंय. सुरुवातीलाच एक सांगते, "मी कन्ना घेतला" एवढ्याने काहीच कळत नाही, कुठला, कसा बनवलेला आणि त्यात अल्कलॉइड (वनस्पतीतले शरीरावर परिणाम करणारे घटक) कुठले किती, हे कळलं तरच बोलण्यात अर्थ आहे. खालची जवळपास सगळी उत्तरं फिरून तिथेच येतात.

कन्ना म्हणजे नक्की काय झाड आहे?

झाड नाही, जमिनीलगत पसरणारी छोटी रसाळ वनस्पती आहे, आपण नर्सरीत ज्यांना सक्युलंट म्हणतो त्यातली. शास्त्रीय नाव स्केलेटियम टॉर्ट्युओसम, हल्ली काही वनस्पतीशास्त्रज्ञ तिला मेसेम्ब्रियँथिमम टॉर्ट्युओसम म्हणतात, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका, वस्तू एकच. पानांवर पाण्याचे बारीक फुगे असल्यासारखी चकाकी असते, फुलं पांढरी किंवा फिकट पिवळी. उन्हाळ्यात जुनी पानं वाळतात आणि त्यांच्या शिरांची जाळी तेवढी उरते, आत नवीन पानं सुरक्षित राहतात. बहुतेकदा दुसऱ्या झुडपाच्या सावलीत उगवलेली सापडते. दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे नामाक्वालँड आणि कारूच्या कोरड्या पट्ट्यात ती मूळची आहे, बाकी जगात कुठे आपोआप उगवत नाही. आफ्रिकान्स बोलणारे लोक तिला कोउखूट म्हणतात.

या गटात साधारण आठेक जाती आहेत आणि त्या सगळ्यांमध्ये हवे ते अल्कलॉइड नसतात, हे लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी कामाला येतं.

हे खरंच जुनं आहे की हल्लीचं फॅड?

खूप जुनं आहे. खोईखोई आणि सान हे इथले मूळ लोक, त्यांचं हे ज्ञान. लेखी नोंदी अर्थात युरोपीय लोक आल्यावरच्या. डचांनी १६५२ मध्ये केपला बस्तान बसवलं, आणि १६८५ मध्ये केपचा डच प्रमुख सायमन फान डेर स्टेल तांब्याच्या शोधात नामाक्वालँडला गेला तेव्हा त्या मोहिमेच्या कागदपत्रांत या वनस्पतीचं चित्र आणि वर्णन आलं. त्यात एक उल्लेख वाचून मला फार गंमत वाटली होती: ऑक्टोबरमध्ये ही गोळा करतात, दिवसभर चघळतात, आणि हिंदुस्थानातल्या लोकांना विड्याचं पान-सुपारी जितकी प्रिय तितकीच नामा लोकांना (खोईखोईंतलाच एक गट) ही प्रिय आहे, असं तिथे नोंदवलंय. म्हणजे सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी केपच्या डचांना कन्ना समजावून सांगायला आपला विडा आठवला. शिवाय लागवड केली तर नफा होईल असा हिशोबही त्यांनी तिथेच मांडून ठेवलाय, त्यावर पुढे बोलू.

गुराखी आणि शिकारी लांब चालताना भूक, तहान, थकवा मारायला चघळायचे. दातदुखीला, पोटदुखीला वापर होता. लहान बाळाच्या पोटात कळ आली की मेंढीच्या शेपटीच्या चरबीत रसाचे थेंब घालून देत. (ही जुनी पद्धत म्हणून सांगतेय, आपल्या बाळाला कुणीही देऊ नका.) क्लाइन कारूमधल्या लेडीस्मिथच्या आसपासच्या भागाला आजही कान्नालँड म्हणतात.

परंपरेने तयार कसं करतात?

ऑक्टोबरच्या सुमाराला, पानं रसाने भरलेली असताना, अख्खी वनस्पती घेतात, दगडावर ठेचतात आणि पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवतात. पूर्वी कातड्याची पिशवी असायची, नंतर प्लास्टिकची आली. आत तिला घाम फुटतो असं लोक म्हणतात. दोन-तीन दिवसांनी उघडून ढवळायचं, परत बांधायचं, आठव्या दिवसाच्या सुमारास काढून उन्हात पसरून वाळवायचं. मग तपकिरी, दोऱ्यांसारखा चोथा तयार होतो, तोच चघळायचा किंवा कुटून पावडर करायची. आपल्याकडे तंबाखूची गोळी दाढेत धरतात तसा हा तोंडात धरतात, पण थुंकत नाहीत, लाळ गिळतात. पावडर तपकिरीसारखी ओढणारे आणि चिलमीत ओढणारेही होते आणि आहेत.

आंबवलेला चांगला की न आंबवलेला?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो, आणि एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दोन गोष्टी घडतात असं सांगितलं जातं. एक, या कुळातल्या वनस्पतींमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, जे घशाला खाजवतं आणि किडनी स्टोनवाल्यांना त्रासाचं, ते आंबवल्याने कमी होतं. दोन, अल्कलॉइडचं मिश्रण बदलतं, ठेचलेल्या ओल्या पानाला ऊन लागलं की मेसेम्ब्रिन कमी होत जातं आणि त्याचं दुसऱ्या, मेसेम्ब्रेनोनसारख्या रूपात रूपांतर होतं. पण हे किती प्रमाणात होतं ते मूळ वनस्पतीत काय होतं, ऊन किती, दिवस किती, यावर अवलंबून, त्यामुळे दोन घरांतला आंबवलेला माल एकसारखा नसतो.

माझं मत विचाराल तर चघळायला आंबवलेलाच बरा. चव मातकट, खारट, थोडी कडू असते आणि जीभ जराशी बधिर होते. न आंबवलेली पावडर जास्त तिखट लागते, घशात खवखवते.

याने मूड बदलतो तो कशामुळे?

मुख्य अल्कलॉइड चार धरा: मेसेम्ब्रिन, मेसेम्ब्रेनोन, मेसेम्ब्रेनॉल आणि टॉर्ट्युओसॅमिन. मेसेम्ब्रिन हे नाव १९१४ सालापासूनचं आहे, झ्विकी नावाच्या संशोधकाने ते वेगळं काढलं, त्याआधी १८९६ मध्ये मेरिंगने कच्चं अल्कलॉइड काढून दाखवलं होतं.

मेंदूच्या पेशी सेरोटोनिन हे मूडशी संबंधित रसायन बाहेर सोडतात आणि मग परत आत ओढून घेतात, ते परत ओढणं मेसेम्ब्रिन रोखतं. डिप्रेशनवर जी एसएसआरआय गटातली औषधं देतात त्यांचं कामही हेच, वाक्य परत वाचा, कारण पुढचे सगळे धोके इथूनच येतात. मेसेम्ब्रेनोन थोडंसं हेही करतं आणि शिवाय पीडीई-४ नावाच्या एन्झाइमला रोखतं, ते काम मेसेम्ब्रिनपेक्षा मेसेम्ब्रेनोनचं जास्त जोरकस. म्हणजे एकाच वनस्पतीतले दोन घटक दोन वेगळ्या बाजूंनी काम करतात, आणि एक्सट्रॅक्ट बनवणारा त्यातलं कुठलं जास्त ठेवतो यावर तुम्हाला काय जाणवणार ते ठरतं.

मग हे एवढे वेगवेगळे एक्सट्रॅक्ट, यांच्यात फरक काय?

साधारण असे प्रकार बाजारात दिसतात. नुसती वाळवलेली किंवा आंबवलेली पावडर, ज्यात काही काढलेलं-घातलेलं नाही. मग टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क, थेंबांनी घ्यायचा. मग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढून सुकवलेली पावडर. मग स्टँडर्डाइज्ड एक्सट्रॅक्ट, ज्यात दर बॅचला अल्कलॉइडचं प्रमाण मोजून ठराविक ठेवलेलं असतं. आणि शेवटी खूप तीव्र, जवळपास शुद्ध केलेलं मेसेम्ब्रिन, जे हल्ली गोळ्या, गमीज आणि व्हेपमध्ये घालून विकतात.

स्टँडर्डाइज्डमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो झेंब्रिनचा. त्यात एकूण अल्कलॉइड ०.४ टक्के असतात आणि त्यातला मोठा वाटा मेसेम्ब्रेनोन आणि मेसेम्ब्रेनॉलचा, मेसेम्ब्रिन २० टक्क्यांच्या आत. याच्या उलट ट्रायमेसेमिन नावाचा एक्सट्रॅक्ट मेसेम्ब्रिन जास्त असलेला आहे, आणि २०१६ मध्ये प्रयोगशाळेत पेशींवर केलेल्या अभ्यासात तो सेरोटोनिनचं परत ओढणं थांबवण्याबरोबरच मोनोअमाइन (सेरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं) बाहेर सोडायलाही लावतो असं दिसलं. दोन्हींच्या डबीवर कन्नाच लिहिलेलं असणार, पण मी या दोघांना दोन वेगळी औषधं समजूनच वागते.

आणि हा फरक फक्त कारखान्यातला नाहीये. रानात उगवलेल्या वनस्पतींची तपासणी केली तर एकूण अल्कलॉइड कोरड्या वजनाच्या ०.१ टक्क्यापासून जवळपास २ टक्क्यांपर्यंत सापडतात, काही ठिकाणच्या झाडांत मेसेम्ब्रिन जास्त, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. म्हणजे दोन डोंगरांवरची एकसारखी दिसणारी पावडर, एक दुसरीच्या वीसपट असू शकते. म्हणून "माझ्या मित्राने एवढी घेतली, त्याला काही झालं नाही" हे तुमच्यासाठी माप नाही.

पाकिटावर १०:१ किंवा ५०एक्स लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासपट स्ट्राँग?

नाही. १०:१ म्हणजे दहा किलो मालापासून एक किलो एक्सट्रॅक्ट केला, एवढंच. मूळ मालात अल्कलॉइड किती होते, त्यातले किती उतरले, किती वाया गेले, काहीच कळत नाही. झेंब्रिन फक्त २:१ एक्सट्रॅक्ट आहे आणि माणसांवरच्या अभ्यासात तोच सगळ्यात जास्त वापरलाय.

बघायची गोष्ट म्हणजे एकूण अल्कलॉइडची टक्केवारी, आणि मग साधा गुणाकार करा. ०.४ टक्केवाल्या एक्सट्रॅक्टचे २५ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम अल्कलॉइड. ५ टक्केवाल्याचे तेच २५ मिलिग्रॅम म्हणजे १.२५ मिलिग्रॅम, साडेबारापट! आणि १ टक्का असलेली साधी पावडर १०० मिलिग्रॅम घेतली तर १ मिलिग्रॅम. डबीवरचं नाव तेच, आणि पोटात जाणारी गोष्ट पूर्ण वेगळी. ज्या पाकिटावर टक्केवारी नाही आणि विचारल्यावर विक्रेता लॅब रिपोर्ट पाठवत नाही ते पाकीट मी घेत नाही, स्वस्त असलं तरी.

तुला स्वतःला कुठला कसा वाटला?

हे माझ्यापुरतं, तुमच्या शरीरात वेगळं होऊ शकतं.

आंबवलेला चोथा चघळला की पाव-अर्ध्या तासात खांदे सैल पडल्यासारखं वाटतं, डोकं साफ राहतं, लोकांशी बोलायला सोपं जातं. चहा-कॉफीची तरतरी वेगळी आणि ही वेगळी. तासा-दीड तासाने हळूच उतरतं. झेंब्रिनची कॅप्सूल घेतल्यावर "चढलं" असं काही होतच नाही, आणि खूप जण इथेच निराश होतात आणि म्हणतात फसवलं. पण दिवस संपताना लक्षात येतं की आज चिडचिड कमी झाली, ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवला नाही. आता यात मनाचा खेळ किती आणि कन्ना किती हे एकट्या माणसाला वेगळं करता येत नाही, त्यासाठीच प्लासिबोवाले (काही जणांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देऊन केलेले) अभ्यास लागतात. टिंक्चरमध्ये मला अल्कोहोलची जळजळ जास्त आणि मापाचा भरवसा कमी वाटला. मेसेम्ब्रिन जास्त असलेला तीव्र एक्सट्रॅक्ट घेतला तेव्हा आधी अंगात उत्साह, गप्पा, गाणी ऐकावीशी वाटणं, आणि मग जबडा आवळल्यासारखा, मळमळ आणि रात्री झोप नाही. मला तो प्रकार नको वाटला. ज्यांना पार्टीसाठी काहीतरी हवंय ते नेमके त्याच्याच मागे असतात आणि बातम्याही त्याच्याच होतात, आणि शांत, जुना, चघळायचा कन्ना मागे पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या एक-दोन वेळा काहीच जाणवत नाही आणि मग हळूहळू जाणवायला लागतं, असं वापरणारे बरेच जण सांगतात. पण म्हणून पहिल्याच दिवशी डोस वाढवत बसू नका.

संशोधन खरंच झालंय की नुसती जाहिरात?

झालंय, पण छोटं. २०१३ मध्ये निरोगी माणसांना तीन महिने रोज ८ किंवा २५ मिलिग्रॅम झेंब्रिन देऊन सुरक्षितता बघितली, ३७ जण होते, त्यांना ते नीट सोसलं. डोकेदुखी ही सगळ्यात जास्त आलेली तक्रार होती पण ती प्लासिबोवाल्यांमध्येच जास्त निघाली. त्याच वर्षी १६ जणांचा एक ब्रेन स्कॅनचा अभ्यास आला, २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर भीतीदायक चेहऱ्यांना अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची, प्रतिक्रिया कमी दिसली. २०१४ मध्ये तीन आठवडे २५ मिलिग्रॅम देऊन विचारांची लवचिकता थोडी सुधारते असं आढळलं.

चांगली सुरुवात आहे. पण लोक थोडे, मुदत कमी, आणि सगळं एकाच, सौम्य एक्सट्रॅक्टवर. हे निष्कर्ष दाखवून दुसराच कुठला तरी दहापट तीव्र एक्सट्रॅक्ट विकणं चुकीचं आहे, आणि हे सर्रास चालतं.

पहिल्यांदा घ्यायचा तर कसा?

खालचा "कुणी घेऊ नये" वाला प्रश्न आधी वाचा. त्यात तुम्ही बसत नसाल तर टक्केवारी माहीत असलेला, स्टँडर्डाइज्ड प्रकार, अभ्यासात वापरलेल्या मापाच्या आत, सकाळी, पोटात थोडं खाऊन, आणि दुसरं काहीही न मिसळता. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरात कुणाला तरी सांगून ठेवा. एका वेळी एकच प्रकार बघा, आज कॅप्सूल आणि उद्या टिंक्चर असं केलंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. मध्ये काही दिवस जाऊ द्या आणि वहीत लिहा: कुठला, किती टक्के, किती वाजता, झोप कशी लागली.

पावडर असेल तर मिलिग्रॅम मोजणारा काटा लागतोच, चमच्याच्या टोकावर अंदाज नको. आणि नाकात ओढणं, व्हेप करणं हे मी कुणालाच सुचवणार नाही, एकदम जोरात येतं, मापावर ताबा राहत नाही आणि त्या पद्धतीने माणसांवर नीट अभ्यास झालेले नाहीत.

कुणी अजिबात घेऊ नये?

डिप्रेशन, अँग्झायटी, ओसीडीसाठी औषध चालू आहे अशा कुणीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, जुन्या एमएओआय गोळ्या, लिथियम. ही नावं आपल्याकडे घराघरांत आहेत आणि लोक सांगत नाहीत, अगदी बायकोला किंवा नवऱ्यालाही सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम एकेक लिहितेय. औषध "गेल्या आठवड्यात बंद केलं" म्हणजे शरीरातून गेलं असं नाही, फ्लुओक्सेटिन तर कित्येक आठवडे राहतं.

यात आणखी काही लपलेली आहेत जी कुणाच्या डोक्यात येत नाहीत. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक, आणि "नैसर्गिक" म्हणून मिळणारे सेंट जॉन्स वर्ट आणि ५-एचटीपी. ही सगळी सेरोटोनिनवर काम करतात, त्यावर कन्ना म्हणजे दोन हातांनी एकच नळ उघडायचा.

जास्त झालं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: घाम, थरथर, स्नायू झटके देणं किंवा आखडणं, धडधड, ताप, जुलाब, गोंधळल्यासारखं होणं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय घेतलंय ते खरं सांगा, पाकीट सोबत न्या.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि मुलांसाठी नाही. बायपोलर असेल तर नाही. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास, किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून. किडनी स्टोन होणाऱ्यांनी कच्ची पावडर टाळा.

दारू किंवा गांजाबरोबर चालतं का?

इथे काही लोक गांज्याबरोबर चिलमीत ओढतात, ती जुनी पद्धत आहे हे खरं. पण मिसळलं की कशाचा काय परिणाम ते कळत नाही, आणि दारूने तर चक्कर आणि मळमळ. मी म्हणेन नको. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट, इथल्या दुकानांतल्या काही मिश्रणांत गांजा असतो, दक्षिण आफ्रिकेत २०१८ च्या संविधान न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या माणसांना खाजगीत गांजा वापरायला परवानगी आहे, भारतात एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली तो गुन्हा आहे. मिश्रणाची पुडी बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका.

सवय लागते का?

पारंपरिक वापरात दारू-तंबाखूसारखं व्यसन लागल्याचं वर्णन सापडत नाही, आणि थांबवल्यावर मला कधी त्रास झाला नाही. पण तीव्र एक्सट्रॅक्ट रोज, महिनोन्महिने घेणं ही परंपरा कधीच नव्हती, ते आत्ताचं आहे, त्यामुळे जुन्या अनुभवाचा दाखला त्याला लावू नका.

माझं डिप्रेशनचं औषध बंद करून हे घेऊ का? ते नैसर्गिक आहे ना.

नाही, कृपया नाही. हा प्रश्न येतो तेव्हा मला काळजी वाटते, कारण विचारणारा माणूस बहुतेक वेळा थकलेला असतो, साइड इफेक्टना वैतागलेला असतो, आणि त्याला कुणीतरी "हो" म्हणावं असं वाटत असतं. औषध अचानक बंद केलं तर चक्कर, झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते आणि आजार उलटू शकतो. डिप्रेशनवर उपचार म्हणून कन्ना सिद्ध झालेला नाही, अभ्यास झाले ते बहुतेक निरोगी माणसांवर. औषधाचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आत्ता लावा.

आपण विकत घेतो त्यातलं खोईसान (खोईखोई आणि सान) लोकांना काही मिळतं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, जो विचारतो त्याला मी वेळ काढून सांगते.

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्याला माहीत आहे, जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. इथे असंच काहीसं हूडिया नावाच्या वनस्पतीचं झालं, सान लोक शिकारीला जाताना भूक मारायला ती खायचे, दक्षिण आफ्रिकेच्याच सरकारी संशोधन संस्थेने त्यावर पेटंट घेतलं आणि सान लोकांना विचारलंसुद्धा नाही, २००३ मध्ये जाऊन वाटणीचा करार झाला.

कन्नाच्या बाबतीत मात्र थोडं आधी शहाणपण आलं. झेंब्रिन बनवणाऱ्या एचजीअँडएच कंपनीने, ज्यात डॉक्टर आणि वनस्पतीतज्ज्ञ नायजेल गेरिके होते, बाजारात उतरण्याआधी साऊथ आफ्रिकन सान कौन्सिलशी करार केला, आणि सान कौन्सिलने मिळणारा वाटा नामाक्वालँडमधल्या पॉल्सहूक आणि नूरिफिर इथल्या नामा लोकांबरोबर वाटून घ्यायचं ठरवलं, कारण वापराची माहिती त्यांच्याकडून आली होती. २०१० मध्ये सरकारने या कामासाठी परवाना दिला, देशातला अशा प्रकारचा तो पहिला. नंतर २०१९ मध्ये रॉयबॉस चहाच्या उद्योगानेही असा करार केला.

पैसा पुरेसा आहे का, गावात प्रत्येकापर्यंत पोचतो का, यावर वाद आहेत आणि असायलाच हवेत. पण ज्या परदेशी ब्रँडच्या पाकिटावर "प्राचीन आफ्रिकन रहस्य" एवढंच लिहिलंय आणि लोकांचं नावही नाही, त्याच्यापेक्षा करार असलेला माल घेणं मला बरोबर वाटतं, थोडा महाग पडला तरी. विक्रेत्याला ईमेल करून विचारा, लागवडीचा माल आहे का, परवाना आहे का. उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

मी फिरायला आलो तर रानातून तोडून आणू का?

अजिबात नको, परवाना लागतो, आणि केप भागात या कुळातल्या रानटी वनस्पती उपटणं बेकायदा आहे. चराई आणि ओरबाडून नेण्यामुळे कन्ना बऱ्याच ठिकाणी दिसेनासा झालाय. त्यात गेल्या काही वर्षांत कारूतून सक्युलंट चोरून परदेशी संग्राहकांना विकण्याचा धंदाच झालाय, त्यामुळे पोलिसांची नजर आहे. शिवाय आठ जातींतली नेमकी कुठली उपटली हे नवख्याला ओळखू येत नाही.

भारतात मागवता येतो का?

एनडीपीएसच्या यादीत कन्ना नाही. पण खाण्याचं सप्लिमेंट म्हणून आणायचं तर एफएसएसएआयचे नियम लागतात आणि कस्टम्सवाले पार्सल अडवू शकतात, अनोळखी पावडर बघितली की अडवतातच. नोकरीत सैन्य, विमान, रेल्वे असं काही असेल किंवा स्पर्धेत खेळत असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना किंवा संघाला विचारा. भारतीय साइटवर "कन्ना" नावाने काही दिसलं तर परत तेच, टक्केवारी आणि लॅब रिपोर्ट.

घरी कुंडीत लावता येईल का?

येईल, पण बिया किंवा रोप परदेशातून आणायचं तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा दाखला) लागतं, खिशात टाकून आणू नका, कीड-रोग त्याच वाटेने येतात. रोप मिळालंच तर वाळू-खडी जास्त असलेली माती, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मुळं कुजणार हे नक्की, तिथे छपराखाली ठेवून पाणी जवळपास बंद करा. पुण्याच्या पुढे, सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेत जास्त बरं. थंडीत वाढ होते तेव्हा पाणी द्या, उन्हाळ्यात पानं वाळून जाळी झाली की मेलं समजून फेकू नका, ते झोपलेलं असतं. आणि कुंडीतल्या रोपात अल्कलॉइड किती हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे ते बघायलाच ठेवा, फुलं छान येतात.